मधमाशीच्या मेणाचे मलम : एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी, नाशिक

२ डिसेंबर २०२४

मखमलाबाद शिवारातील द्राक्षबागांमध्ये सध्या मणी विरळणीची आणि डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) कामे जोरात सुरू आहेत. सकाळच्या गारठ्यात ओल्या हातांनी आणि साध्या चपलांवर दिवसभर काम करणाऱ्या बायकांच्या टाचा या दिवसांत इतक्या फुटतात की भेगांतून रक्त येते आणि बोटांच्या पेरांवर चिरा पडतात. आमच्या बचत गटाने या हिवाळ्यात मधमाशीच्या मेणाचे मलम गटापुरते तयार करून वापरून पाहायचे ठरवले आहे. विक्रीचा विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवला, कारण सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार विक्रीसाठी असे उत्पादन करायचे तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि त्यासाठी आवश्यक असलेली जागा, साधने व तपासणीची सोय आमच्याकडे नाही.

मेण तीन ठिकाणांहून आणले आहे. पेठ तालुक्याकडच्या आठवडी बाजारातून आग्या माशीच्या मोहोळाचे काळपट गोळे ३०० रुपये किलोने मिळाले. निफाड भागात कांदा बियाण्याच्या डेंगळ्यांमध्ये (फुलोऱ्याच्या दांड्यांच्या शेतात) पेट्या ठेवणाऱ्या एका मधमाशीपालकाकडून मेलिफेरा या पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय माशीचे पिवळे मेण ७०० रुपये किलोने घेतले. शहरातील एका दुकानातून पांढऱ्या दाण्यांच्या रूपातील मेण ९५० रुपये किलोने आणले. यांतील कोणते मेण त्वचेला लावण्याजोगे आहे, हे ठरवण्यातच पहिले काही दिवस जातील असे दिसते.

५ डिसेंबर

काळपट गोळे आज वितळवून गाळले. दोन पदरी मलमलीच्या पिशवीत ते बांधून, वर दगड ठेवून, बोअरवेलच्या पाण्यात उकळले. थंड झाल्यावर वर मेणाची वडी जमली, पण तिच्या बुडाशी करड्या रंगाचा, भुसभुशीत, ओला थर तयार झाला होता आणि त्यात बरेच मेण अडकून वाया गेले. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियमचे क्षार आणि मेणातील मुक्त आम्ले यांच्या संयोगाने न विरघळणारा साबण तयार होतो आणि तोच हा थर. उरलेले गोळे घरातील शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात उकळले, तेव्हा वडी स्वच्छ सुटली. साठवलेले पावसाचे पाणी असेल तर तेही चालेल.

भांड्याचाही परिणाम लगेच दिसला. थोडे मेण पितळी पातेल्यात वितळवले होते, त्यावर हिरवट झाक आली, कारण मेणातील आम्ले तांब्यावर क्रिया करतात. लोखंडी कढईत मेण काळवंडते. त्यामुळे यापुढे केवळ स्टीलचे पातेले वापरायचे आणि तेही थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवायचे. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ८५ अंशांपुढे नेले की रंग आणि वास दोन्ही बिघडतात. मेण पेटले तर त्यावर पाणी टाकू नये, झाकण ठेवून हवा तोडावी, हे गटातील प्रत्येकीला आधी सांगितले आणि मगच गॅस पेटवला.

दीड किलो गोळ्यांतून जेमतेम पाव किलो मेण निघाले. जुन्या पोळ्यात अळ्यांच्या कोशांची आवरणे साठलेली असतात आणि ती मेण शोषून धरतात. याउलट मध काढताना पोळ्यातील घरांवरची जी पातळ झाकणे सुरीने कापली जातात, ती जवळपास निव्वळ मेणाची असतात. गोळे स्वस्त वाटले, तरी शुद्ध मेणाचा हिशेब केला तर ते १८०० रुपये किलोने पडले.

९ डिसेंबर

पांढऱ्या दाण्यांबद्दल शंका होती, कारण ते चावल्यावर चिकट न होता घसरत होते आणि त्यांना मधाचा किंचितही वास नव्हता. मात्र केवळ रंग किंवा वास यांवरून निकाल देणे योग्य नाही. मेण विरंजन करून पांढरे केलेले असू शकते आणि त्यात वासही जातो. म्हणून घनतेची साधी चाचणी केली. निफाडच्या मेणाचा लहान तुकडा पाण्यात टाकला असता तरंगला, मग पाण्यात थोडा थोडा सर्जिकल स्पिरिट मिसळत गेलो (त्याने पाणी हलके होत जाते), तेव्हा एका टप्प्यावर तो हळूहळू बुडाशी गेला. त्याच मिश्रणात पेठचे गाळलेले मेणही बुडाले, पण पांढरे दाणे मात्र पृष्ठभागावर तरंगत राहिले. मधमाशीच्या मेणाची घनता साधारण ०.९५ ते ०.९७ असते आणि पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून बनणाऱ्या मेणाची, त्याहून कमी, म्हणजे दाण्यांमध्ये पॅराफिन मोठ्या प्रमाणात आहे, असे मानायला जागा आहे. चाचणी करताना तुकड्यात हवेचा बुडबुडा अडकला असेल तर शुद्ध मेणही तरंगते. त्यामुळे तुकडा वितळवून, बोटाने दाबून घट्ट केलेला असावा.

पॅराफिन त्वचेला घातक असते असे नाही. ते मधमाशीच्या मेणाच्या किमतीत विकले जाणे आम्हाला मान्य नाही, आणि त्याने मलमाची घडण वेगळी होते, म्हणून ते दाणे पणत्यांच्या कामासाठी बाजूला ठेवले.

१४ डिसेंबर

पहिले मलम तयार केले. एक भाग मेण आणि चार भाग लाकडी घाण्याचे तिळाचे तेल, असे प्रमाण घेतले. आयुर्वेदातील सिक्थतैल हेही मुळात मेण आणि तिळाचे तेल यांचेच मिश्रण आहे, त्यामुळे पाया जुना आणि पारखलेला होता. तरीही पहाटेच्या थंडीत हे मलम इतके घट्ट झाले की बोटाने उचलेना, आणि फुटलेल्या टाचेवर रगडून लावताना दुखू लागले. एकास सहा या प्रमाणात ते सरसर पसरले, पण चप्पल घालून अंगणात दहा पावले चालताच बरेचसे पुसले गेले. एकास पाचच्या आसपासचे प्रमाण थंडीसाठी योग्य ठरले.

वितळलेल्या मेणात फडताळातले गार तेल एकदम ओतलेल्या घाण्यात (एका वेळी केलेल्या मलमात) मेणाच्या बारीक कण्या तयार झाल्या आणि त्या ढवळूनही मोडल्या नाहीत. तो घाणा पुन्हा गरम करून वाचला. तेल आधी मेणाइतकेच गरम करून घेतले की हा प्रश्न येत नाही.

१७ डिसेंबर

टाचांसाठी कोकमाचे तेल घरोघरी परिचित आहे, म्हणून एका घाण्यात तेलाचा काही भाग काढून त्याऐवजी ते घातले. दुसऱ्या दिवशी मलम रव्यासारखे कणीदार झाले होते. कोकमाचे तेल साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते आणि संथपणे थंड झाले तर त्यातील स्निग्धांशाचे मोठे स्फटिक बनतात. तोच घाणा पूर्ण वितळवून, पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून, घट्ट होईपर्यंत सतत घोटला, तेव्हा मऊ मलम तयार झाले. कणीदार मलमाने अपाय होत नाही, परंतु भेगेवर ते टोचते, आणि ज्या बाईची टाच आधीच ठणकते आहे तिला ते लावायला देणे बरोबर नाही.

२२ डिसेंबर

आजपासून वापर सुरू. पद्धत सर्वांना सारखीच सांगितली: रात्री कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवायचे, वजरीने मेलेली कातडी हलकेच घासायची, पाय टिपून घ्यायचे पण पूर्ण कोरडे करायचे नाहीत, आणि ओलसर असतानाच मलम लावून सुती मोजे घालायचे. काही जणींनी उजव्या पायाला आमचे मलम आणि डाव्या पायाला साधी पेट्रोलियम जेली लावायचे मान्य केले आहे, म्हणजे तुलना करता येईल.

मोज्यांचा आग्रह केवळ परिणामासाठी नाही. मलम लावलेला पाय फरशीवर घसरतो, आणि गटातील वयस्क बायकांच्या बाबतीत हा धोका टाचेच्या भेगेपेक्षा मोठा आहे.

५ जानेवारी २०२५

दोन आठवड्यांचा निकाल हाती आला आहे आणि तो मोकळेपणाने लिहिणे गरजेचे आहे.

ज्यांनी ओलसर पायाला मलम लावले, त्यांच्या टाचा निश्चित मऊ झाल्या आणि रक्त येणाऱ्या भेगा मिटू लागल्या. ज्यांनी कामावरून आल्यावर थेट कोरड्या टाचेवरच लावले, त्यांच्यात फरक फार थोडा दिसला, आणि मेणाविषयीचा सगळ्यांत मोठा गैरसमज इथेच आहे. मेण त्वचेला ओलावा देत नाही. त्वचेत असलेला ओलावा उडून जाऊ नये म्हणून ते वर पातळ थर धरते. त्वचा कोरडी असेल तर मेण तो कोरडेपणाच झाकून ठेवते. त्यामुळे पाण्यात पाय बुडवणे ही पूर्वतयारी न मानता उपचाराचा निम्मा भाग मानली पाहिजे.

पेट्रोलियम जेलीशी केलेल्या तुलनेत सकाळी दोन्ही पाय सारखेच मऊ होते. ओलावा रोखण्याच्या बाबतीत जेली मेणापेक्षा सरस आहे आणि ती स्वस्तही आहे. हे मान्य न करता मेणाची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फरक दिसला तो हातांवर आणि दिवसाच्या कामात. जेली लावलेला हात कात्रीच्या मुठीवर घसरतो आणि घटकाभरात पुसला जातो, तर मेणाचा थर पेरांवरच्या चिरांत धरून राहतो आणि दुपारच्या जेवणाआधी हात धुतल्यावरही काही प्रमाणात टिकतो. बागेत काम करणाऱ्या हातांसाठी मेण, आणि रात्री मोज्यांत झाकलेल्या टाचांसाठी दोन्हींपैकी जे परवडेल ते, असा आमचा निष्कर्ष आहे.

जाड घट्टे मात्र जसेच्या तसे आहेत. घट्ट्याची कातडी सैल करण्याचे काम मेण करत नाही. त्यासाठी युरिया असलेले क्रीम लागते.

दोघींना मलम थांबवायला सांगितले. एकीच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्यासारखी, खाजणारी कातडी होती. ती बुरशी असण्याची शक्यता असते आणि वरून मेणाचा थर देऊन ती ओलसर झाकून ठेवली तर वाढते. दुसरीला मधुमेह आहे आणि तिच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे. अशा पायाची भेग घरी बुजवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी. तिला तिच्या मुलाबरोबर दवाखान्यात पाठवले. या दोन गोष्टी मलमाच्या प्रत्येक डबीसोबत तोंडी सांगायच्या, असे गटात ठरले आहे.

१२ जानेवारी

काही जणींना मलम फार तेलकट वाटते आणि त्याऐवजी क्रीम हवे होते, म्हणून जुन्या पद्धतीचे कोल्ड क्रीम करून पाहिले. गेलेन या वैद्याने दुसऱ्या शतकात मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून जे केले, त्यात पुढे टाकणखाराची (बोरॅक्सची) भर पडली, कारण टाकणखार मेणातील मुक्त आम्लांशी संयोग पावून तिथल्या तिथे साबण तयार करतो आणि त्या साबणामुळे तेल व पाणी एकजीव राहतात. ३६ ग्रॅम मेण, १२० ग्रॅम तेल, ४० ग्रॅम गरम पाण्यात विरघळवलेला २ ग्रॅम टाकणखार, असे प्रमाण घेतले आणि दोन्ही भाग सारख्याच तापमानाला मिसळले.

पेठच्या मेणाचे क्रीम संध्याकाळपर्यंत फाटले आणि वर तेल, खाली पाणी असे वेगळे झाले. निफाडच्या मेणाचे त्याच प्रमाणातले क्रीम पांढरे, दाट आणि एकजीव झाले. कारण मेणाच्या जातीत आहे. मेलिफेरा माशीच्या मेणाचा आम्लांक, म्हणजे त्यातील मुक्त आम्लांचे माप, साधारण १७ ते २४ असतो, तर आग्या, सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडच्या माश्यांच्या मेणाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. आम्लच पुरेसे नसेल तर साबण तयार होणार कशातून? परदेशी कृती वाचून देशी मेणाचे क्रीम करायला बसलेल्यांचा यावर बराच वेळ जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तेल आणि मेण यांच्या साध्या मलमासाठी मात्र आग्या माशीचे मेण उत्तम चालते.

१९ जानेवारी

क्रीम यशस्वी होऊनही आम्ही ते सोडून दिले. टाकणखारातील बोरॉन फुटलेल्या त्वचेतून शरीरात शोषला जातो. युरोपातील सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनी सोललेल्या किंवा दाह झालेल्या त्वचेवर आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी तो वर्ज्य ठरवला होता. आमचा सगळा खटाटोप फुटलेल्या त्वचेसाठीच असल्याने हा मार्ग आमच्यासाठी बंद आहे. शिवाय क्रीममध्ये पाणी आले की संरक्षक द्रव्य घालणे भाग पडते, नाहीतर बुरशी धरते. मेण स्वतः जंतुनाशक आहे आणि म्हणून ते टिकते, हा समज चुकीचा आहे. मलम टिकते ते त्यात पाणी नसते म्हणून. ओल्या बोटाने मलम काढू नये, असे सांगण्यामागेही हेच कारण आहे.

२६ जानेवारी

ओठांसाठी वेगळे, थोडे घट्ट मलम तयार केले: एक भाग मेण, तीन भाग खोबरेल आणि तिळाचे तेल मिळून. थंडीत ओठ फुटण्याचे प्रमाण एवढे आहे की या डब्या सर्वांत आधी संपल्या.

६ फेब्रुवारी

गटातील एका तरुण मुलीचे ओठ सुजले, त्यांच्या कडांना लाली आली आणि खाज सुटली. तिने चार-पाच दिवस ओठ फुटले असतील असे समजून मलम आणखी वेळा लावले, आणि त्यामुळे त्रास वाढत गेला. त्वचारोगतज्ज्ञांनी मलम बंद करायला सांगितले आणि पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पट्टी लावून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत) तिला प्रोपोलिसची ॲलर्जी असल्याचे निष्पन्न झाले.

प्रोपोलिस म्हणजे माश्या झाडांच्या कळ्यांवरचा आणि सालीवरचा चीक आणून पोळ्याच्या फटी बुजवण्यासाठी वापरतात तो राळेसारखा पदार्थ. पिवळ्या, कमी गाळलेल्या मेणात त्याचा थोडा अंश राहतोच. ज्यांच्या त्वचेला तो सोसत नाही, त्यांना ‘नैसर्गिक’ या शब्दाचा काहीही उपयोग नसतो. या घटनेने गट खरोखर हादरला आणि मलाही त्या मुलीचा चेहरा पाहून फार वाईट वाटले. त्यानंतर नियम केला आहे: कोणालाही डबी देण्याआधी कोपराच्या आतील बाजूस रोज दोन वेळा, असे आठवडाभर मलम लावून पाहायचे, आणि तिथे लाली किंवा खाज आली तर ते मलम घ्यायचे नाही. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण ही ॲलर्जी बरेचदा उशिरा प्रकट होते.

एक वर्षाखालील बाळांच्या ओठांना हे मलम लावायचे नाही, हेही त्याच बैठकीत ठरले. कच्च्या मेणात मधाचा अंश राहू शकतो, आणि इतक्या लहान बाळाच्या पोटात मध जाणे बोट्युलिझमच्या (मधात असू शकणाऱ्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराच्या) दृष्टीने धोक्याचे असते. मेण वितळवण्याच्या तापमानाला त्या जंतूंची बीजे मरत नाहीत.

१६ फेब्रुवारी

भांड्यांविषयी. मेणाचे पातेले गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावे आणि मग सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुवावे. ते पाणी मोरीत ओतू नये, मेण नळीत गोठते. आमची मोरी तुंबली आणि प्लंबरला ६०० रुपये द्यावे लागले.

९ मार्च

डेंगळ्यांचा बहर ओसरत आला आहे, म्हणून पुढच्या मेणाची चौकशी करायला निफाडला गेलो. मधमाशीपालक काका मनमोकळे आहेत आणि आमच्या प्रश्नांचा त्यांना राग आला नाही. पेटीत वरोआ माइट या परजीवी कोळ्याच्या बंदोबस्तासाठी कोणते औषध वापरता, असे विचारले तेव्हा त्यांनी फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या कधी लावतात आणि कधी काढतात, ते सांगितले. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशी औषधे आणि पिकांवरील काही कीटकनाशके चरबीत विरघळणारी असतात, ती मधापेक्षा मेणात अधिक साठतात आणि मेण वितळवून गाळल्याने निघून जात नाहीत. वर्षानुवर्षे पेटीत राहिलेल्या जुन्या पोळ्यात हा साठा वाढत जातो, तर झाकणांचे मेण त्याच हंगामात नव्याने तयार झालेले असल्यामुळे तुलनेने स्वच्छ असते. त्यामुळे त्वचेला लावण्याच्या मलमासाठी फक्त झाकणांचे मेण घ्यायचे आणि ते जास्त दराने घ्यायचीही तयारी ठेवायची, असे ठरले. एक किलो मेण तयार करण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असे मधमाशीपालनात मानले जाते. हे ध्यानात घेतले तर ७०० रुपये हा भाव जास्त म्हणता येत नाही.

६ एप्रिल

द्राक्षवेलींची खरड छाटणी (हंगामानंतरची उन्हाळी छाटणी) सुरू झाली आणि उन्हाचा तडाखाही वाढला. दुचाकीच्या डिकीत राहिलेली डबी दुपारी पातळ झाली आणि रात्री पुन्हा कणीदार होऊन बसली. मेणापेक्षा कोकमाचे तेल आधी वितळते, त्यामुळे उन्हाळी घाण्यातून ते काढून टाकले आणि मेणाचे प्रमाण एकास चार केले.

२० एप्रिल

चेहऱ्याला आणि मानेला मलम लावणाऱ्यांच्या तक्रारी आल्या आहेत. उन्हात घाम येणाऱ्या मानेवर मेणाचा थर दिल्याने दोघींना घामोळे आले, आणि एकीच्या कपाळावर पुटकुळ्या उठल्या. तिची त्वचा मुळातच तेलकट आहे. हिवाळ्यात ओलावा राखणारा थर उन्हाळ्यात घामाची वाट अडवतो. उन्हापासून संरक्षण होईल या समजुतीनेही काही जणी बागेत जाताना मलम लावत होत्या. मेणात तसा गुण नाही, हे त्यांना समजावून सांगितले. मार्च ते जूनपर्यंत मलम फक्त टाचा आणि हातांची पेरे यांवर, आणि तेही रात्रीच लावायचे, असे ठरले आहे.

डिसेंबरमधल्या काही डब्यांना खवट वास येऊ लागला आहे. मेण खराब होत नाही, तेल होते. यापुढे घाणा लहान करायचा, तेल ताजे घ्यायचे आणि डबीवर तारीख लिहायची.

११ मे

हिवाळी मलमाचा एक किलोचा हिशेब, ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी: झाकणांचे मेण १८० ग्रॅम, १२६ रुपये, कोकमाचे तेल १२० ग्रॅम, ९६ रुपये, घाण्याचे तिळाचे तेल ७०० ग्रॅम, २५२ रुपये, ५० ग्रॅमच्या २० डब्या, १८० रुपये. एकूण ६५४ रुपये, म्हणजे एका डबीला सुमारे ३३ रुपये, गॅस आणि श्रम वेगळे. फसलेल्या घाण्यांचा, पॅराफिनच्या दाण्यांचा आणि मोरीचा खर्च यात धरलेला नाही. तो धरला तर पहिल्या हंगामात बाजारातली डबी आम्हाला स्वस्त पडली असती.

उरलेल्या पेठच्या न गाळलेल्या गोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्या झाल्या आहेत. शेजारीच ठेवलेल्या गाळलेल्या वड्यांना मात्र त्यांनी स्पर्श केलेला नाही. गोळे बाहेर फेकले आणि वड्या कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. निफाडच्या काकांना दोन किलो झाकणांच्या मेणाचे आगाऊ पैसे दिले आहेत, आणि पट्ट्या लावलेल्या पेट्यांचे मेण त्यात मिसळायचे नाही, ही अट त्यांनी स्वतःच कागदावर लिहून दिली आहे.